आठ पाकिटं

रिपोर्टात आकडा होता नऊ.
डॉक्टर हत्तुरे हसल्या,
"उन्हाच्या गावात राहून ड जीवनसत्त्व नऊ?"
मी काय सांगणार.
ऊन सोलापूरचं, पण मी पत्र्याच्या शेडमधली.
सकाळी सातला कांड्या भरायला बसते,
उठते तेव्हा बाहेरचा उजेडही
आपापल्या घरी गेलेला असतो.

आठ पाकिटं लिहून दिली.
साठ हजार, असं छापलेलं प्रत्येकावर.
दुधातून घ्यायची, आठवड्याला एक.
आठवड्याला हा शब्द चिठ्ठीवर होता.
चिठ्ठी यांच्या खिशात राहिली,
शर्ट धुण्यात गेला.

अक्का म्हणाली, रोज घे गं,
अंगावर पाजतेस, तुझं हाड झिजतंय,
पोरीलाही मिळेल तेवढंच.
आम्ही चादरीचे भाव लावणारे लोक,
आकडा मोठा दिसला
की माल भारी वाटतो.

सोमवार ते सोमवार.
रिकामी पाकिटं मी चटणीच्या डब्यात ठेवत गेले.
का, माहीत नाही.
कागद चांगला होता, चकचकीत.

आठव्या दिवशी तोंड कोरडं.
माठ संपला तरी तहान बसेना.
पोटात दगड, जेवणावर वासना नाही.
एप्रिल आहे, म्हटलं.
दत्तनगरात एप्रिलमध्ये
कुणाला तहान लागत नाही?

पुढची आठ आणायला गेले.
येमूल काकांनी चष्मा कपाळावर चढवला,
"पोरी, मागच्या सोमवारी तर नेलीस."
संपली, म्हटलं.
काकांच्या हातातला चहा
बशीत सांडला.

चार लाख ऐंशी हजार.
काकांनी पावतीच्या मागे गुणाकार केला
आणि कागद माझ्याकडे फिरवला,
जणू उधारी होती माझ्या नावावर.

दवाखान्यात मी एकच विचारलं:
दुधात गेलं का?
"थोडं जातंच," हत्तुरे बाई म्हणाल्या.
"काही जीवनसत्त्वं जास्त झाली की लघवीतून निघून जातात.
हे चरबीत घर करून राहतं,
महिना महिना भाडं न देता.
पाजणं थांबवू नकोस. पाकिटं थांबव.
पाणी पी. दोघींचं रक्त बघू."

सिस्टर मुजावरनी चिन्नीचा हात धरला.
एवढासा हात.
सुई दिसली आणि माझ्याच छातीला पान्हा फुटला,
परकर भिजला, सगळ्यांसमोर,
आणि पहिल्यांदा मला
माझ्या दुधाची भीती वाटली.

दोन दिवस रिपोर्ट यायचा होता.
मी कांड्या भरत बसले.
अकरा वर्षं भरतेय.
सूत कांडीवर किती चढवायचं
हे माझा अंगठा डोळे मिटून सांगतो.
दोन वेढे जास्त झाले तर कांडी धोट्यात बसत नाही,
बसवलीच जबरदस्तीनं, तर धागा तुटतो,
माग थांबतो, शेट ओरडतो.
हे मी नव्या पोरींना शिकवते.
शिकवते मी.

शुक्रवारी फोन आला.
चिन्नीचं कॅल्शियम ठीक.
माझं काठावर.
काठावर म्हणजे काय, मी विचारलं नाही.
पंधरा दिवसांनी परत बोलावलंय.

अक्का दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी कडक भाकरी ताकात चुरून
माझ्यासमोर ठेवली, आणि हळूच
आपल्या उशाखालची नारिंगी गोळ्यांची बाटली दाखवली:
"ही गुडघ्याची. भाच्यानं दिलीय. रोज दोन घेते.
बाईंना विचारशील?"

रात्री लाइट गेली, माग थांबले,
इतकी शांतता की गल्लीतलं कुत्रं गोंधळलं.
चिन्नी अंधारातच शोधत आली.
मी घेतलं तिला.
गटागटा पिते, मध्ये थांबते, परत पिते.
किती गेलं आत,
मला कधीच मोजता आलेलं नाही.
तिचं पोट भरलं की
ती आपणहून तोंड फिरवते.